खडे घडवणाऱ्या मशीनची निगा: कामाला नव्याने लागलेल्यांसाठी

खडा कापायचं मशीन कशाने खराब होतं, असं विचारलं की नवीन माणूस म्हणतो, जास्त वापराने. वापराने फार थोडी झीज होते. खरा घात करतो तो दगडाचा गाळ. तुम्ही खडा घासता तेव्हा खड्याची भुकटी, ब्लेडमधून सुटलेले हिऱ्याचे कण आणि पाणी किंवा तेल मिळून एक राखाडी चिखल तयार होतो. क्वार्ट्झची कठीणता मोस मापावर 7, माणिक आणि नीलमची 9, हिऱ्याची 10. एवढ्या कठीण कणांचा हा चिखल जिथे जाऊन बसेल तिथे घासत राहतो. समोर खडा आहे की शाफ्ट, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

त्यामुळे पुढे जे काही सांगतो आहे, त्यातलं बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतं: गाळ कुठे जातो ते पाहायचं, तो जाऊ नये तिथून त्याला दूर ठेवायचं, आणि जाड कण बारीक कणांच्या जागी पोहोचू द्यायचे नाहीत.

इथे तीन प्रकारची मशीनं धरली आहेत: दगडाच्या चकत्या कापणारा सॉ (मोठा स्लॅब सॉ आणि लहान ट्रिम सॉ), कॅबोशॉन (पैलू नसलेले, घुमटासारखे खडे) घासायचं पाच-सहा व्हीलचं मशीन, आणि पैलू पाडायचं मशीन. हिरे घडवण्याची यंत्रं वेगळी, त्यांचं शास्त्रही वेगळं. आणि तुमच्या मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत इथल्यापेक्षा वेगळं काही लिहिलं असेल, तर पुस्तिकेचं ऐका.

हात लावण्याआधी

पहिली सवय प्लग काढण्याची. नुसतं बटण बंद करून ब्लेडला हात लावू नका. बटणाला कोपर लागतं, पायाने चालणाऱ्या स्विचवर कुणाचा तरी पाय पडतो. प्लग काढून तो स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवा, मगच झाकण उघडा.

पाणी आणि वीज शेजारी शेजारी असलेली ही जागा आहे. मशीनला अर्थिंग हवं आणि त्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. वीज लगेच तुटली पाहिजे. मशीनकडून सॉकेटकडे जाणारी वायर सॉकेटच्या खाली एक झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, सॉकेटात शिरत नाही. वायरमनने हे केलं नसेल तर तुम्ही करा, यात खर्च काहीच नाही.

दुसरी गोष्ट धुळीची. क्वार्ट्झ, अगेट, जास्पर हे सगळे सिलिका आहेत, आणि सिलिकाची अतिबारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. काम पाण्यात किंवा तेलात चालू असताना धूळ बऱ्याच अंशी दबते. धोका वाढतो तो साफसफाईच्या वेळी, कारण झाकणावर आणि फरशीवर वाळलेला गाळ म्हणजे तीच धूळ. तिला कोरडा झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. हवेच्या पाइपने मशीन फुंकून साफ करणं तर पूर्ण बंद. त्याने धूळ अंगावर येतेच, शिवाय त्या दाबाने कण बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलले जातात. ज्या मशीनची साफसफाई रोज हवेने होते, त्याची बेअरिंग वेळेआधी का जातात याचं कोडं मग कुणाला सुटत नाही.

फिरत्या व्हीलपाशी हातमोजे, सैल बाही, अंगठी, मोकळे केस नकोत. व्हील फिरत असताना फडकं त्याच्या जवळसुद्धा न्यायचं नाही.

दिवस संपताना

सगळ्यात मोलाचं काम रोजचंच आहे आणि त्याला फार वेळ लागत नाही. क्रम मात्र पाळा.

आधी पाणी बंद करा आणि व्हील रिकामी मिनिटभर फिरू द्या. त्यात मुरलेलं पाणी बाहेर फेकलं जातं. हे टाळलं तर पाणी व्हीलच्या खालच्या भागात साचतं आणि दुसऱ्या दिवशी मशीन थरथरतं. सिलिकॉन कार्बाइडच्या जुन्या पद्धतीच्या दगडी व्हीलच्या बाबतीत हा नुसता थरथरण्याचा प्रश्न राहत नाही. असं व्हील थांबलेलं असताना पाण्यात बुडून राहिलं, तर एका बाजूने जड होतं आणि चालू केल्यावर फुटू शकतं. त्याच्या खालच्या ट्रेमधलं पाणी रोज काढलंच पाहिजे.

मग प्लग काढा आणि धुवायला घ्या. कॅबोशॉनच्या मशीनवर सुरुवात सगळ्यात बारीक व्हीलपासून करायची आणि जाडाकडे जायचं. उलट गेलात तर 80 नंबरचे कण स्पंजावर बसून 3000 च्या झाकणात पोहोचतात आणि पुढचा आठवडा ओरखडे शोधण्यात जातो. बारीक आणि जाड व्हीलसाठी वेगळे स्पंज ठेवले तर आणखी बरं. रंग वेगळे घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही.

झाकणांची आतली बाजू, व्हीलखालचे कोपरे, पाणी जायचं भोक, या तीन जागांवर गाळ बसतो. भोक तुंबलं की पाणी शाफ्टच्या पातळीपर्यंत चढतं आणि बेअरिंगमध्ये शिरतं. गाळ ओला असताना बोटाने निघतो. वाळला की खरवडावा लागतो.

शेवटी उघडं पोलाद कोरडं पुसून त्यावर पातळ तेलाचा हात फिरवा. पातळ म्हणजे पुसून उरेल एवढंच. चिकट थर ठेवला तर त्यावर कण चिकटतात आणि ज्यापासून वाचवायचं तेच होतं. हवा दमट असेल तर ट्रिम सॉमधलं पाणी रात्रभर ठेवू नका. टाकी रिकामी करा, ब्लेड पुसा. काही जण पाण्यात गंजरोधक मिसळतात. त्याचा उपयोग होतो, पण साचलेल्या पाण्याला तो पर्याय नाही.

धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. हा गाळ पाइपच्या वाकात बसून घट्ट होतो आणि मग प्लंबर पाइपच कापायला सांगतो. दोन बादल्या ठेवा. एकीत पाणी रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं निवळ पाणी अलगद दुसरीत काढा, तळाचा गाळ ओलसर असतानाच पिशवीत भरून बांधा. सुकून त्याची धूळ होऊ देऊ नका.

सॉ: तेल आणि टाकी

मोठ्या सॉमध्ये बहुधा तेल असतं, लहानात पाणी. तेल ब्लेडला थंड ठेवतं, वंगण देतं, गंजू देत नाही. त्यासाठी जास्त ज्वलनांक असलेलं, खास या कामासाठी मिळणारं खनिज तेल वापरा. रॉकेल किंवा डिझेल वापरू नका: बंद पेटीत त्याची वाफ आणि जवळ ठिणगी, यातून आग लागते, आणि त्वचेला व फुप्फुसाला होणारा त्रास वेगळाच. खाद्यतेल काही दिवसांनी चिकट होतं आणि खवट होतं. गाडीचं अँटिफ्रीझ हा सल्लाही कधीतरी कानावर येतो. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, त्याचे तुषार अंगावर घ्यायचं कारण नाही.

कापणी संपल्यावर पेटीचं झाकण लगेच उघडू नका. आतलं तेलाचं धुकं खाली बसू द्या. फिरोजा, ओपल यांसारखे सच्छिद्र खडे तेलाच्या सॉवर घेऊच नका. तेल आत मुरलं की रंग बदलतो आणि तो परत आणता येत नाही. असे खडे पाण्याच्या ट्रिम सॉवर कापायचे.

ब्लेडची कड तेलात साधारण 6 ते 10 मिलिमीटर बुडलेली असावी. कमी असेल तर ब्लेड कोरडं पडतं. फार जास्त असेल तर तेल उधळतं आणि मोटरवर भार येतो. पण वरून दिसणारी पातळी फसवी असते. टाकीच्या तळाशी गाळ चढत जातो, त्याबरोबर तेलाची पातळीही वर राहते, आणि एक दिवस ब्लेड तेलाऐवजी गाळ उचलायला लागतं. म्हणून आठवड्यातून एकदा मशीन बंद असताना ब्लेडच्या खाली एक काठी घालून तळ चाचपून पाहा. काठी मऊ थरात रुतली की थराची जाडी कळते. तो ब्लेडच्या कडेपासून दोन बोटांवर आला की टाकी उपसायची वेळ झाली.

उपसणं हे घाणेरडं काम आहे, त्याला फाटा देऊ नका. वरचं तेल आधी काढून घ्या. तळाचा गाळ जाड कागदी पिशवीत भरा आणि ती जाळीवर ठेवून खाली बादली लावा. तेल कागदातून झिरपून खाली येतं आणि गाळ पिशवीत राहतो. एक-दोन दिवस लागतात. खाली आलेलं तेल पुन्हा वापरता येतं. पिशवी तेलकट कचऱ्यात जाते, उकिरड्यावर किंवा गटारात नाही. तेलाने भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

ब्लेड

सॉवरच्या ब्लेडला दात नसतात. पोलादी चकतीच्या कडेला धातूच्या बंधात हिऱ्याचे कण धरलेले असतात आणि तेच दगड झिजवत पुढे सरकतात. काम करताना बंधही हळूहळू झिजतो आणि आतले ताजे कण वर येतात. दगड फार कठीण असेल किंवा दाब चुकीचा असेल, तर वरचे कण बोथट होतात पण बंध झिजत नाही. ब्लेड गुळगुळीत होतं. कापणी मंदावते, आवाज चिरका होतो, कारागीर जोर लावतो, आणि जोर लावल्याने ब्लेड तापून वाकतं. ब्लेड वाया जाण्याची ही नेहमीची वाट आहे.

तपासायला प्लग काढा आणि ब्लेडच्या कडेवर बोट हलकेच फिरवा. चांगली कड बारीक सँडपेपरसारखी खरखरीत लागते. काचेसारखी लागली तर तिला उघडायला हवं. त्यासाठी सिलिकॉन कार्बाइडची ड्रेसिंग काठी किंवा मऊ भाजलेली वीट घ्या, शिकंजात नीट धरा आणि नेहमीच्या कूलंटसह (सॉमधलं तेल किंवा पाणी) तिच्यातून दोन-तीन उथळ काप घ्या. पुन्हा बोट फिरवून पाहा. खरखर परत आली की थांबा. प्रत्येक काप थोडा बंध खातो, म्हणजे ब्लेडचं आयुष्य खातो.

ब्लेडवर बाण असेल तर फिरण्याची दिशा तीच ठेवा. प्रत्येक कणाच्या मागे बंधाचा एक छोटा शेपटासारखा आधार तयार झालेला असतो. ब्लेड उलटं बसवलं की तो आधार समोर येतो आणि कण निखळतात.

ब्लेड बदलताना ज्या जागेकडे कुणी पाहत नाही ती म्हणजे फ्लँज, ब्लेडच्या दोन्ही बाजूंच्या त्या दोन चकत्या. त्यांच्या आतल्या तोंडावर वाळलेल्या गाळाचा एक कण जरी राहिला, तरी ब्लेडच्या कडेला तो कितीतरी पट मोठा डोल दाखवतो. दोन्ही फ्लँज, शाफ्टचा खांदा आणि ब्लेडचा मधला भाग कापडाने पुसा, नखाने चाचपा, मग बसवा. ब्लेडच्या भोकात बुश घातला असेल तर तो ब्लेडपेक्षा जाड नसावा, नाहीतर फ्लँज बुशवर आवळला जातो आणि ब्लेड सैल राहतं.

तरीही ब्लेड डोलत असेल, तर दोष कुणाचा हे शोधायची एक सोपी युक्ती आहे. डायल गेज (बारीक डोल मोजायचं काट्याचं साधन) ब्लेडच्या कडेजवळ टेकवा, ब्लेड हाताने सावकाश फिरवा आणि सगळ्यात जास्त उठाव जिथे येतो तिथे ब्लेडवर मार्करने खूण करा. शाफ्टवरही त्याच बाजूला खूण करा. आता नट सोडून ब्लेड शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि परत मोजा. उठाव ब्लेडच्या खुणेबरोबर सरकला तर ब्लेड वाकलेलं आहे. तो शाफ्टच्या खुणेपाशीच राहिला तर शाफ्ट किंवा फ्लँज पाहा, नवीन ब्लेड आणून काही होणार नाही.

ब्लेड पुन्हा पुन्हा बशीसारखं वाकत असेल, तर दगड धरणारा शिकंजा ब्लेडला समांतर सरकतो का ते बघा. शिकंजावर एक टोकदार सळई अशी बांधा की तिचं टोक ब्लेडच्या पुढच्या कडेपाशी जेमतेम टेकेल. टेकलं त्या जागी ब्लेडवर खूण करा. मग शिकंजा मागे सरकवा आणि ब्लेड हाताने फिरवून तीच खूण मागे आणा. टोक आता दाबत असेल किंवा मध्ये फट दिसत असेल, तर मार्ग तिरका आहे आणि दगड ब्लेडला बाजूने ढकलतो आहे. तीच खूण मागे आणायची ती अशासाठी, की ब्लेडचा स्वतःचा डोल या मापात मिसळू नये.

शिकंजा पुढे सरकवणाऱ्या स्क्रूचे आटे दर आठवड्याला ब्रशने साफ करा. कापणी संपल्यावर मशीन आपोआप थांबवणारा स्विच हाताने दाबून तपासा. तो गाळाने अडकला तर शिकंजा सरळ ब्लेडवर जाऊन आपटतो.

कॅबोशॉनची व्हील

जाड व्हील, म्हणजे 80 आणि 220, सहसा पोलादी ड्रमवर हिऱ्याचा मुलामा दिलेली असतात. त्यांच्यावर कणांचा एकच थर असतो. तो संपला की व्हील संपलं. ड्रेसिंग काठी लावून त्याला नवं करता येत नाही, उलट आहेत ते कण निघून जातात. 280, 600, 1200, 3000 ही पुढची व्हील रेझिनची, थोडी मऊ. त्यांच्यात थराच्या खोलीपर्यंत कण असतात. ती गुळगुळीत झाली तर भरपूर पाण्याखाली अगेटचा सपाट, कडा मोडलेला तुकडा हलक्या हाताने रुंदीभर फिरवा, पृष्ठभाग पुन्हा चावायला लागतो. धारदार कोपऱ्याचा खडा मात्र मऊ व्हीलवर टेकवू नका, रेझिन फाटतं. कोपरे आधी 220 वर मोडायचे.

प्रत्येक व्हीलची पूर्ण रुंदी वापरा. मधोमध घासायची सवय लागली की खाच पडते आणि मग एकसारखा घुमट कितीही प्रयत्न केला तरी येत नाही.

पाण्याचं तर जास्तच लक्ष ठेवावं लागतं. चालू व्हीलवर पाण्याचा चमकता थर सतत दिसला पाहिजे. एखादी तोटी तुंबली असेल तर बारीक तारेने उघडा. टाकीतलंच पाणी पंपाने फिरवत असाल, तर पंपाला टाकीच्या तळापासून वर बसवा आणि पाणी रोज बदला. एकच पाणी सगळ्या व्हीलना फिरत असेल, तर 80 चे कण 3000 वर जातातच. बारीक व्हीलना ताजं पाणी वेगळ्या बाटलीतून देता आलं तर सगळ्यात चांगलं. ही माझी आवड म्हणा, पण पॉलिशमधले निम्मे रडगाणे मला पाण्याशीच येऊन थांबताना दिसतात.

सिलिकॉन कार्बाइडचं दगडी व्हील बसवण्याआधी ते कोरडं असताना भोकात बोट घालून टांगतं धरा आणि एखाद्या हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज म्हणजे आत तडा असू शकतो, ते व्हील चढवायचं नाही. व्हीलवर छापलेला कमाल वेग तुमच्या शाफ्टच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे, हेही तेव्हाच पाहा. पहिल्यांदा चालू करताना समोर उभं राहू नका, बाजूला राहा.

पैलू पाडायचं मशीन

इथे निगेचा अर्थ बदलतो. सॉ थोडा ढिला असला तरी चकती निघते. पैलूच्या मशीनमध्ये कोनात अर्ध्या अंशाची चूक आली तरी पैलूंची टोकं एकत्र येत नाहीत. त्यामुळे साफसफाईइतकंच अचूकतेला महत्त्व आहे.

खांब, म्हणजे ज्यावर डोकं वरखाली होतं तो उभा दांडा, रोज कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. त्यावर ग्रीस नको. इंडेक्स गिअरच्या, म्हणजे खडा किती फिरवायचा ते ठरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांत अडकलेला एक कण पैलूची जागा हलवतो. हे दात मऊ टूथब्रशने कोरडेच साफ करा. साधारणपणे 96 दातांचा गिअर वापरात असतो. तो बदलला असेल तर घट्ट आवळल्यावर पुढेमागे हलवून पाहा, खुंटी दातात बसल्यावर डॉप (खडा मेणाने चिकटवायची छोटी दांडी) अजिबात हलता कामा नये.

लॅप, म्हणजे ज्यावर खडा घासतात ती सपाट चकती, बसवण्याआधी त्याच्या खालची फिरती तबकडी आणि लॅपची पाठ दोन्ही पुसा. एखादा केस किंवा कण मध्ये राहिला तर लॅप एका बाजूने उचलला जातो आणि खडा दर फेऱ्याला ठोका देतो. तो ठोका बोटांना जाणवतो. जाणवला की घासत राहू नका, लॅप काढा आणि खाली बघा.

पाण्याची थाळी आणि तिची नळी दिवसातून एकदा भरपूर पाण्याने धुवा. ही नळी सतत उतरती असावी. मध्ये कुठे लोंबली तर तिथे गाळ साचतो, थाळी भरते आणि पाणी स्पिंडलच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतं. या मशीनची महागडी दुरुस्ती बहुतेकदा एवढ्याशा नळीतून सुरू होते.

कोन बरोबर आहे की नाही, हे महिन्याला किंवा मशीन हलवल्यावर तपासा. स्वस्त क्वार्ट्झचा लांबट तुकडा डॉपवर बसवा, कोन 90 अंशावर ठेवा आणि इंडेक्स 96 वर एक सपाट बाजू पाडा. मग उंचीला हात न लावता इंडेक्स 48 वर समोरची बाजू पाडा. आता मायक्रोमीटरने दोन बाजूंमधलं अंतर डॉपच्या जवळ मोजा आणि खड्याच्या मोकळ्या टोकाशी मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर 90 अंश खरे आहेत. मोकळं टोक अरुंद किंवा रुंद निघालं, तर कोनाचा दर्शक किंवा खांब सरकला आहे. दर्शक कसा जुळवायचा हे प्रत्येक मशीनमध्ये वेगळं असतं, तिथे पुस्तिका उघडा. पण जुळवण्याआधी डॉप चकमध्ये, म्हणजे त्याला पकडणाऱ्या भागात, सरळ बसला आहे ना, चकच्या तोंडाशी मेणाचा तुकडा नाही ना, हे बघून घ्या. कित्येकदा दोष तिथेच निघतो.

कार्बन ब्रश असलेली मोटर असेल तर वर्षातून दोनदा ब्रश बाहेर काढून लांबी पाहा. ब्रश आखूड झाले की ठिणग्या वाढतात आणि वेग चढ-उतार करतो. नवे ब्रश स्वस्तात येतात, त्यांच्याअभावी खरवडलेला कम्युटेटर (मोटरचा ब्रश टेकतात तो फिरता भाग) येत नाही.

लॅप

लॅप एकमेकांवर रचून ठेवू नका. प्रत्येकाला स्वतःची बंद पिशवी किंवा कप्पा, आणि त्यावर कणांचा आकार लिहिलेला. अंदाजे हिशोब असा: 600 म्हणजे सुमारे 30 मायक्रॉन, 1200 म्हणजे 15, 8000 म्हणजे 3, आणि पॉलिशचे 50,000 म्हणजे अर्धा मायक्रॉन. 30 मायक्रॉनचा एकच कण पॉलिशच्या लॅपवर गेला, तर तो पॉलिशच्या कणांपेक्षा साठपट मोठा असतो. त्याचा ओरखडा भिंगाशिवाय दिसतो.

म्हणून लॅप बदलताना खडा, डॉप, क्विल (डॉप धरणारा दांडा), बोटं आणि नखं, सगळं धुवायचं. डॉपचं मेण विशेष लबाड असतं. त्याच्या खाचेत जाड कण दडून बसतात आणि नेमके पॉलिशच्या वेळी सुटतात. मेणावर स्पिरिटचा पातळ हात मारा किंवा वरचा थर चाकूने खरवडून टाका.

पॉलिश करताना अचानक एकटादुकटा खोल ओरखडा आला, तर लगेच लॅपला दोष देऊ नका. आधी खडा धुवा, मग पाण्याची बाटली बदला, मग लॅप साबण आणि मऊ ब्रशने धुवा, आणि दर वेळी त्याच पैलूवर दोन-चार सेकंद घासून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गेलं ते कळत नाही. तरी ओरखडे येतच राहिले, तर कण कथील किंवा तांब्याच्या मऊ लॅपमध्ये रुतला आहे. तो धुऊन निघत नाही. लॅपचं तोंड लेथवर हलकं घासून घ्यावं लागतं, किंवा तो लॅप जाड कामाला लावावा लागतो. एका लॅपवर सिरियम ऑक्साइड (पॉलिशची एक पावडर) वापरलं असेल तर त्यावर दुसरं ऑक्साइड किंवा डायमंड पावडर लावू नका.

पट्टा आणि बेअरिंग

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की थोडा खाली जावा, साधारण एक सेंटिमीटर. फार ताणला तर बेअरिंगवर भार येतो, ढिला राहिला तर घसरतो आणि चकाकतो. दोन्ही पुलींवर सरळ पट्टी टेकवून त्या एका रेषेत आहेत का ते पाहा. पट्ट्याखाली काळी भुकटी पडत असेल तर त्या एका रेषेत नसण्याची शक्यता असते.

बेअरिंग तपासायला पट्टा उतरवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. गुळगुळीत फिरला तर ठीक, आत वाळू असल्यासारखा लागला तर बेअरिंग बदलायचं. शाफ्ट वरखाली हलवून खेळ आहे का तेही पाहा. दोन्ही बाजूंनी सील असलेल्या बेअरिंगला ग्रीस लागत नाही, जबरदस्तीने घालू नका. ज्याला ग्रीसचं निपल आहे त्याला पुस्तिकेत दिलेल्या वेळाने द्यावं, पण आधी निपल पुसा. पुसलं नाही तर त्यावरचा गाळ ग्रीसगनच्या दाबाने तुम्हीच आत पोहोचवता. दोन वेगळ्या जातीची ग्रीस मिसळू नका, काही जोड्या पातळ होऊन गळून जातात.

वही, आणि बरेच दिवस बंद असलेलं मशीन

मशीनला दोरीने बांधलेली एक वही ठेवा. तेल कधी उपसलं, ब्लेड कधी बसवलं, कोनाच्या चाचणीत मापं काय आली, आवाज बदलला तर कसा. दोन कारागीर एकाच मशीनवर काम करत असतील तर वहीशिवाय चालत नाही.

मशीन काही आठवडे बंद राहिलं असेल, तर पहिल्या दिवशी थेट खडा टेकवू नका. प्लग काढलेला असतानाच शाफ्ट हाताने दोन-चार फेरे फिरवा, कुठे अडतो का पाहा. पट्ट्याला एकाच जागी बसून बाक आला असेल तर तो थोडा वेळ थरथरेल, मग बसेल. पाण्याच्या टाकीत वास येत असेल तर ती धुऊन नवीन पाणी भरा. तोट्या उघडून प्रत्येक व्हीलवर पाणी पडतं का ते मशीन बंद असतानाच पाहून घ्या. तेलाच्या सॉमध्ये काठी घालून तळाचा गाळ चाचपा. तो इतक्या दिवसांत घट्ट बसलेला असतो, ब्लेडला टेकला असेल तर चालू करण्याआधी उपसा. मग झाकण लावून, बाजूला उभं राहून, पाच मिनिटं रिकामं चालवा आणि आवाज ऐका. ठीक वाटला तर पहिला खडा साधा क्वार्ट्झचा घ्या.